दोन मशीनचे फोटो आणि पत्रातला ता. क.

पत्र

नमस्कार डॉक्टर,

मी ३६ वर्षांची आहे, मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसाचे आठ-नऊ तास स्क्रीनसमोर जातात. दोन वर्षांपासून डोळे चुरचुरतात. सकाळी बरं असतं, दुपारनंतर वाळू गेल्यासारखं खुपतं आणि वाऱ्यात गेलं की धारा लागतात.

सात महिन्यांपूर्वी एका ठिकाणी पापण्या उलट्या करून फोटो काढले. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं : तेलग्रंथींचा ऱ्हास ३१ टक्के, ग्रेड १, अश्रूंचा थर टिकण्याचा वेळ १२ सेकंद. गेल्या महिन्यात दुसरीकडे गेले. तिथे आलं : ऱ्हास ३८ टक्के, ग्रेड २, वेळ ६ सेकंद, स्निग्ध थर ४८ नॅनोमीटर. फोटो दाखवून त्यांनी सांगितलं, की ग्रंथी झपाट्याने जात आहेत, पापण्या गरम करून दाबणाऱ्या मशीनची ट्रीटमेंट आजच घ्या. मी विचार करायला वेळ मागून घेतला. तिसऱ्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर पाहिलं आणि म्हणाले, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) अगदी स्वच्छ आहे, उगाच काळजी करता.

मी हिशोब मांडला. सात महिन्यांत सात टक्के, म्हणजे उरलेल्या ६२ टक्क्यांना पाच वर्षं. त्यानंतर काय? आता रोज आरशासमोर पापणी ओढून बघते. त्यातच एका संशोधन प्रकल्पाकडून विचारणा झाली आहे, कॉर्नियाच्या नसांचे फोटो घेणार आहेत. जाऊ का? आणि कोणत्या फोटोवर विश्वास ठेवू?

ता. क. रात्री तोंडाला कोरड पडते, पाणी प्यायला उठावं लागतं. सकाळी हाताची बोटं तासभर आखडलेली असतात. पण ते टायपिंगमुळे असेल.

– फोटोंनी घाबरलेली

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ता. क. तर तीनदा. त्याबद्दल मी शेवटी लिहिणार आहे, पण तो भाग वगळू नका. या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं तिथेच आहे.

आधी तुमचा हिशोब, कारण त्यानेच तुमची झोप उडवली आहे. तो चुकला आहे. वजाबाकी बरोबर आहे, पण ते दोन आकडे एकमेकांतून वजा करण्याजोगे नाहीत. ३१ एका मशीनचे आणि ३८ दुसऱ्या मशीनचे. पापणी उलटणारा हात वेगळा, कॅमेरा वेगळा, ग्रंथींच्या कडा आखून टक्केवारी काढणारं सॉफ्टवेअर वेगळं. पापणी थोडी कमी उलटली तरी ग्रंथींची मुळाकडची टोकं फोटोत येतच नाहीत आणि तेवढा भाग 'गेलेला' म्हणून मोजला जातो. उजेडाची चकाकी पडली की तिच्याखालच्या ग्रंथीही पुसल्या जातात. एकाच मशीनवर, एकाच दिवशी, एकाच माणसाची पापणी पुन्हा उलटून फोटो काढला तरी आकडा थोडाफार हलतो. सात टक्क्यांचा फरक एवढ्यानेही पडू शकतो. या दोन बिंदूंमधून रेघ ओढून ती पाच वर्षं पुढे नेता येत नाही.

ग्रेड १ वरून ग्रेड २ वर गेल्याचंही तुम्हाला भय वाटलं असेल. पापणीच्या फोटोंची आणि ग्रेडची ही पद्धत जपानच्या रेइको अरिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडली. त्याआधी पापणीला उजेडाची कांडी टेकवून आरपार बघावं लागे. अरितांनी इन्फ्रारेड कॅमेऱ्याने, पापणीला काहीही न टेकवता फोटो घेऊन दाखवले आणि त्यामुळे ही तपासणी रोजच्या ओपीडीत येऊ शकली. गुणांकन त्यांनी मुद्दाम सोपं ठेवलं : काहीच गेलं नसेल तर ०, एक तृतीयांशापेक्षा कमी गेलं तर १, एक ते दोन तृतीयांश गेलं तर २, त्याहून जास्त तर ३. आता बघा, ३१ टक्के आणि ३८ टक्के यांच्या मधोमध तेहतीसची रेघ येते, म्हणून तुमचा ग्रेड बदलला. उलट ३५ वरून ६५ वर गेलेल्या माणसाचा ग्रेड बदलणारच नाही. मोठ्या गटांची तुलना करायला हे गुणांकन फार उपयोगी आहे, पण एका माणसाचं सात महिन्यांचं भविष्य त्यावरून सांगणं मला मान्य नाही.

या ग्रंथी काय करतात, तेही सांगते. हाइनरिक मायबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०, कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या रांगेत. प्रत्येक उघडझापीला त्या किंचित तेल सोडतात. ते तेल अश्रूंवर पसरतं आणि पाणी उडून जाण्याचा वेग कमी करतं. तेल कमी पडलं किंवा घट्ट झालं की अश्रूंचा थर लवकर फाटतो, उघडा पडलेला पृष्ठभाग चुरचुरतो आणि मेंदू घाबरून मोठ्या ग्रंथीला पाणी सोडायला सांगतो. वाऱ्यात तुम्हाला लागणाऱ्या धारा त्यातल्याच. डोळे कोरडे असूनही पाणी येतं ते असं.

इन्फ्रारेड फोटोत ग्रंथीचा आकार दिसतो, पण ती काम करते की नाही, हे दिसत नाही. फोटोत भरघोस दिसणाऱ्या ग्रंथीचं तोंड बंद असू शकतं, आणि अर्धी दिसणारी ग्रंथी उत्तम तेल देत असू शकते. लहान मुलांच्या पापण्यांतही वाकड्यातिकड्या, आखूड ग्रंथी सापडल्या आहेत, आणि वयाबरोबर काही ग्रंथी जाणं हे तक्रार नसलेल्या माणसांतही दिसतं. म्हणून डॉक्टरांनी पापणीची कड बोटाने किंवा काडीने दाबून काय बाहेर येतं ते पाहायला हवं : पारदर्शक तेल येतं, गढूळ येतं, टूथपेस्टसारखं घट्ट येतं, की काहीच येत नाही. तुमच्या तिन्ही भेटींत हे कोणी केलं का? पत्रात उल्लेख नाही. केलं नसेल तर मशीनची ट्रीटमेंट सुचवणं घाईचं होतं, असं मी स्पष्ट म्हणेन. ती ट्रीटमेंट वाईट नाही. तोंडं तुंबलेल्या ग्रंथींच्या काही रुग्णांना तिने खरा आराम पडतो. पण 'आजच घ्या' म्हणण्यासारखी ही आणीबाणी नव्हती. तुम्ही वेळ मागून घेतलात, फार बरं केलंत.

आता १२ सेकंद आणि ६ सेकंद. पहिल्या ठिकाणी बहुधा अंधाऱ्या वाटीत पांढरी वर्तुळं दाखवून 'डोळे मिटू नका' म्हटलं असेल, आणि दुसऱ्या ठिकाणी डोळ्यात पिवळा रंग घातला असेल. आठवून बघा. वर्तुळांची युक्ती पोर्तुगालच्या आंतोनियो प्लासिदो यांची, १८८० ची. अश्रूंच्या आरशात वर्तुळांचं प्रतिबिंब पडतं आणि थर फाटला की तिथली रेघ वाकते. आजची मशीन तो क्षण कॅमेऱ्याने टिपते. पिवळ्या रंगाच्या तपासणीत निळ्या उजेडात काळा ठिपका कधी उमटतो, ते डॉक्टर डोळ्याने पाहतात. पण तो रंगाचा थेंबच अश्रूंचा नाजूक थर विस्कटतो आणि वेळ बऱ्याचदा कमी भरते. त्यामुळे १२ चे ६ झाले याचा अर्थ सात महिन्यांत तुमचे अश्रू निम्मे झाले, असा नाही. हे दोन वेगळे प्रश्न विचारून मिळालेली दोन उत्तरं आहेत. कोरड्या डोळ्यांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१७ च्या अहवालात रंग न घालता मोजण्याला पसंती दिली आणि १० सेकंदांच्या आत थर फाटला तर तो बिघाड मानला. त्याच अहवालाने निदानासाठी आधी लक्षणांची प्रश्नावली ठेवली आणि मग या चाचण्या, हे मात्र फोटो दाखवणारे क्वचितच सांगतात.

४८ नॅनोमीटरचं थोडक्यात. पाण्यावर तेलाचा पातळ तवंग पसरला की त्यात इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. तसेच रंग अश्रूंवरच्या तेलात दिसतात आणि रंगावरून जाडी काढता येते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, तेव्हा हे मोजता येतं याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण मोजणीच्या आधी चार वेळा जोरात डोळे मिटले तर ग्रंथी दाबल्या जाऊन तोच थर जाड भरू शकतो. तुम्ही त्या दिवशी घाबरून, डोळे ताणून बसला असाल, तर तेही त्या आकड्यात आहे.

ओसीटी नावाचं, उजेडाच्या मदतीने डोळ्याच्या थरांचे छेद दाखवणारं तंत्र १९९१ मध्ये आलं ते मुख्यतः डोळ्यामागच्या पडद्यासाठी. आज त्याने खालच्या पापणीच्या काठावर साचलेल्या अश्रूंच्या पन्हाळीची उंची मोजता येते, आणि अगदी बारकाईच्या ओसीटीने तर मायक्रोमीटरमध्ये भरणारी अश्रूंच्या थराची जाडीसुद्धा. पापण्या उघडल्यावर डोळ्याचा पृष्ठभाग किती भराभर थंड होतो, हे टिपणारे उष्णतेचे कॅमेरेही आहेत. पण तुमच्या प्रश्नाला त्यांची गरज नाही.

तुमच्या प्रश्नाला खरोखर जवळचं आहे ते तिसऱ्या डॉक्टरांचं वाक्य : 'कॉर्निया स्वच्छ आहे.' ते खरंच असेल. पण त्यावरून तुमचा त्रास खोटा ठरत नाही, आणि तुम्हाला तसं वाटू दिलं गेलं याचं मला वाईट वाटतं. कोरड्या डोळ्यांच्या आजारात दिसणारी खूण आणि जाणवणारा त्रास यांचा मेळ फार कमी बसतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. कोणाच्या कॉर्नियावर ठिपकेच ठिपके असतात आणि तक्रार काहीच नसते, तर कोणाचा कॉर्निया आरशासारखा असतो आणि माणूस डोळे उघडे ठेवू शकत नाही. कॉर्निया हा शरीरातला नसांनी सर्वांत दाट विणलेला भाग आहे. त्या नसा दीर्घकाळ चिडलेल्या राहिल्या तर जखम नसतानाही दुखतात. त्या तज्ज्ञगटाच्या २०१७ च्या व्याख्येत नसांच्या संवेदनेतला बिघाड आजाराच्या कारणांमध्ये घेतला गेला, तो याचमुळे. मी याच कामात बरीच वर्षं आहे, आणि व्याख्येतल्या त्या एका वाक्याने किती रुग्णांचा ऊर मोकळा झाला, ते मी पाहिलं आहे.

चुरचुर पृष्ठभागावरची की नसांतली, याचा अंदाज घ्यायला एक साधी तपासणी आहे. दवाखान्यात बधिर करणारा एक थेंब घालतात. चुरचुर पूर्ण थांबली तर तिचा उगम पृष्ठभागावर, आणि थेंबानंतरही तशीच राहिली तर उगम आणखी आत. ती दवाखान्यातच करायची. तो थेंब घरी मागून आणू नका, कोणी देऊ केला तरी घेऊ नका. वारंवार घातला तर तो कॉर्नियाच कुरतडतो.

आता संशोधन प्रकल्प. नसांचे फोटो म्हणजे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक असणार. डोळा बधिर करून, जेल लावून, भिंगाची टोपी कॉर्नियाला हलकेच टेकवतात. दुखत नाही, पण डोळा स्थिर ठेवावा लागतो आणि ते कंटाळवाणं होतं. त्या फोटोत जिवंत माणसाच्या नसांचे पांढरे धागे दिसतात, त्यांच्यामध्ये फिरणाऱ्या, दाह असला की वाढणाऱ्या फांद्याफांद्यांच्या पेशी दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकले नव्हते.

तरी एक साधा गुणाकार करा. नेहमीच्या यंत्रात एका फोटोची चौकट ४०० बाय ४०० मायक्रोमीटर, म्हणजे ०.१६ चौरस मिलिमीटर. कॉर्नियाचा व्यास साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तो सपाट धरला तरी शंभराहून थोडं जास्त चौरस मिलिमीटर. एका फोटोत कॉर्नियाचा सुमारे साडेसहाशेवा भाग येतो. कोणते फोटो निवडायचे हे निवडणाऱ्यावर ठरतं, आणि म्हणूनच कोरड्या डोळ्यांत नसा कमी होतात का, किती होतात, यावर वेगवेगळ्या गटांची उत्तरं जुळत नाहीत. फोटो जोडून मोठा नकाशा करणं, धागे संगणकाकडून मोजून घेणं, हे काम आता त्यासाठीच चाललं आहे. पापणीच्या फोटोंतही संगणकाला शिकवून टक्केवारी काढली जाते. मात्र संगणक माणसांनी आखलेल्या कडांवरूनच शिकतो, आणि ज्या मशीनच्या फोटोंवर शिकला त्यांच्यावरच तो सर्वांत भरवशाचा असतो.

जा, असं माझं मत आहे. पण उपचार मिळेल म्हणून जाऊ नका. संशोधनातून कळतं ते गटाबद्दल, तुमच्या डोळ्याबद्दलचं उत्तर त्यातून निघेलच असं नाही. सही करण्यापूर्वी विचारा : नीतिसमितीची मंजुरी आहे का? नुसते फोटो घेणार की काही औषधही देणार? माझे नेहमीचे ड्रॉप्स बंद ठेवावे लागतील का, आणि किती दिवस? फोटो मोजणाऱ्याला मी रुग्ण आहे की निरोगी, हे माहीत असणार का? माहीत नसलेलं चांगलं. मधेच सोडायचं ठरवलं तर माझ्या उपचारांवर परिणाम होणार नाही ना? पैसे मशीन बनवणाऱ्या कंपनीचे आहेत का? असले तर दोष नाही, पण ते लिहून दिलेलं असावं. आणि सगळ्या तपासण्यांचा क्रम विचारा. रंग घालणं, पापणी दाबणं, बधिर करणं हे सगळं फोटोंनंतर होत असेल, तर त्या लोकांना त्यांचं काम कळतं.

तुलनेचा गट आहे का, हे विचारायला विसरू नका. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ५३५ रुग्णांपैकी काहींना वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ दिलं आणि बाकीच्यांना ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूल. दोन्ही गटांना बरं वाटलं आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. तुलनेचा गट नसता तर सगळं श्रेय ओमेगा-३ ला गेलं असतं. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो शेजारीशेजारी दाखवले गेले, की मला हा अभ्यास आठवतो.

तोवर घरी काय करायचं? आरशासमोर पापणी ओढणं आजपासून बंद. त्याने काही दिसत नाही, आणि पापणीची कड चिडते. कामाच्या वेळी उघडझापीकडे लक्ष द्या. १९९३ मध्ये जपानी संशोधकांनी मोजलं होतं : निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा डोळे मिटतो, पुस्तक वाचताना १० वेळा, स्क्रीनवर ७ वेळा. तुमचं काम म्हणजे वाचन आणि स्क्रीन दोन्ही. शिवाय मुद्रितशोधनात अक्षर सुटू नये म्हणून माणूस अर्धवटच डोळे मिटतो, आणि अर्धवट मिटलेल्या पापणीतून तेल नीट सुटत नाही. प्रत्येक पान संपलं की दोन्ही पापण्या पूर्ण टेकतील असे आठ-दहा वेळा डोळे मिटा. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीखाली घ्या म्हणजे उघडा भाग कमी राहील. रात्री मिटलेल्या पापण्यांवर सहन होईल असा गरम शेक दहा मिनिटं, मग कडेच्या दिशेने हलकी मालिश. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा ड्रॉप्स घालत असाल, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. आणि दर भेटीत तीच ती प्रश्नावली भरून द्या. बारा प्रश्नांची ओएसडीआय बहुतेक डॉक्टरांना ठाऊक असते. तिचा तेरा किंवा जास्त गुण म्हणजे त्रास आहे, असं धरतात. तुमची प्रगती मोजायला मी पहिल्यांदा तीच घेईन. पुन्हा फोटो काढायचेच झाले तर एकाच ठिकाणी, त्याच मशीनवर. एका डोळ्यात अचानक ठणका, लाली, उजेड सहन न होणं किंवा दिसायला कमी येणं, यांतलं काही झालं तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.

आता तुमचा ता. क.

कोरडे डोळे, रात्री पाण्यासाठी उठवणारी तोंडाची कोरड आणि सकाळी तासभर आखडलेली बोटं. या तीन गोष्टी एकत्र आल्या, की टायपिंगवर ढकलून पुढे जाता येत नाही. १९३३ मध्ये स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी आपल्या प्रबंधात १९ स्त्रियांचं वर्णन केलं. डोळे कोरडे, तोंड कोरडं आणि त्यांतल्या बऱ्याच जणींना सांध्यांचा त्रास. त्यांच्याकडे डोळे तपासायला एक गुलाबी रंग होता. इन्फ्रारेड कॅमेरा नव्हता, ओसीटी नव्हतं. पण त्यांनी डोळ्यांबरोबर तोंडाची आणि सांध्यांचीही चौकशी केली. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. तुम्हाला तो आहे असं मी म्हणत नाही. कोरड पडण्याची दुसरीही कारणं असतात, ॲलर्जीच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही असं होतं, तुम्ही त्या घेत असाल तर यादी सोबत न्या. पण तपासल्याशिवाय सोडायचं नाही. तुमचे तिन्ही डॉक्टर डोळ्यांत बघत होते आणि बोटांविषयी तुम्ही त्यांना सांगितलं नसणार, कारण डोळ्यांच्या दवाखान्यात बोटांचं कोण सांगतं?

हा आठवडा संपण्याआधी संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या. खोलीत गेल्यावर ता. क. मधली वाक्यं आधी सांगा, फोटो नंतर काढा. ते अँटी-एसएसए नावाच्या प्रतिपिंडांसाठी रक्त तपासतील, सोबत आणखी काही चाचण्या. रक्तात काही निघालं नाही आणि शंका राहिली तर ओठाच्या आतल्या बारीक ग्रंथीचा तुकडा तपासतात. ऐकायला भीतिदायक वाटतं, पण ते जागा बधिर करून थोड्या वेळात होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे शर्मर चाचणी मागा. पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी पाच मिनिटांत किती भिजते, ते बघतात. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर पाणीच कमी बनतंय, असा अर्थ. १९०३ पासूनची ही चाचणी अजून चालते, आणि तुमच्या एकाही रिपोर्टमध्ये ती नाही.

संशोधनवाल्यांनाही हे आधी सांगा. श्योग्रेन निघाला तर ते तुम्हाला वेगळ्या गटात घेतील, किंवा घेणारही नाहीत.

रक्ताचा रिपोर्ट आला की मला लिहा. पापण्यांचे फोटो आपण त्यानंतर बघू.